खोड राखले, झाड गेले

सार्वजनिक जागेतले कोणतेही काम निघो, रस्तारुंदी असो, मेट्रोचे स्थानक असो की एखाद्या जुन्या बागेचे 'सुशोभीकरण', झाडांविषयीचा वाद ठरलेल्या वाटेनेच जातो. पालिका सांगते, इतकी झाडे बाधित. त्यांतली इतकी तोडणार, इतक्यांचे पुनर्रोपण करणार, उरलेली जागेवर राखणार. पर्यावरणप्रेमी तोडीच्या आकड्यावर तुटून पडतात. हरकती, सुनावणी, मानवी साखळी, प्रसंगी न्यायालय. अखेरीस तोडीचा आकडा थोडा खाली येतो, राखलेल्यांचा तेवढाच वर जातो, आणि दोन्ही पक्ष आपापल्या परीने जिंकून घरी जातात. राखलेल्या झाडांचे पुढे काय झाले हे बघायला मग कोणी फिरकत नाही.

एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या या दोन पक्षांचे एका बाबतीत मात्र पूर्ण एकमत आहे: झाड तोडले नाही, म्हणजे ते वाचले. हे मत मला साफ चुकीचे वाटते. बांधकामाच्या जागेवर जुने झाड बहुतेक वेळा मरते ते जमिनीखाली. ते मरायला काही वर्षे लागतात, आणि तोवर ठेकेदाराचे अंतिम देयकही चुकते झालेले असते. आपला कायदा, निविदा आणि आंदोलने यांची नजर मात्र खोडावर खिळलेली आहे.

या समजाच्या मुळाशी शाळेच्या पुस्तकातले चित्र आहे. वर जेवढा पसारा, खाली तेवढीच खोल गेलेली मुळे, आणि मधोमध सरळ पाताळात उतरलेले सोटमूळ. हे चित्र डोक्यात असले की खोडापासून हातभर अंतरावर दोन फूट खोल चर घेताना कोणाला काही वाटत नाही. मुळे तर खाली आहेत, दोन फुटांनी काय होणार! प्रत्यक्षात मोठ्या झाडाच्या मुळांचा बहुतांश भाग वरच्या दोनेक फुटांतच असतो. पाणी आणि क्षार शोषून घेणारी केसासारखी मुळे तर वरच्या वीतभर ते फूटभर मातीत दाटलेली असतात. ती आडवी धावतात, फांद्यांच्या घेराच्याही खूप पलीकडे. याचे कारण साधे आहे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि प्राणवायू मातीच्या वरच्या थरातच मिळतो. दख्खनच्या पठारावर तर खाली जायला वावही नसतो. पुण्यात कितीतरी ठिकाणी तीन-चार फुटांवर मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. अशा जमिनीतल्या झाडाची सगळी भिस्त आडव्या पसाऱ्यावर असते.

आता हिशेब मांडू. ब्रिटनमध्ये बांधकाम आणि झाडे यांविषयीचे एक मानक आहे, बीएस ५८३७. त्याची २०१२ ची आवृत्ती घेऊ. त्याचा ठोकताळा असा की, छातीएवढ्या उंचीवर खोडाचा जो व्यास भरेल त्याच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ हे मुळांचे संरक्षित क्षेत्र मानायचे, कमाल मर्यादा १५ मीटर त्रिज्या, म्हणजे ७०७ चौरस मीटर. जर्मनीचे डीआयएन १८९२० हे मानक फांद्यांच्या कडेपासून आणखी दीड मीटर बाहेर जाते. आपल्याकडच्या रस्त्यावरचा मध्यम वयाचा पर्जन्यवृक्ष घ्या, खोडाचा व्यास ६० सेंटीमीटर. ब्रिटिश हिशेबाने त्याचे वर्तुळ ७.२ मीटर त्रिज्येचे, क्षेत्र सुमारे १६३ चौरस मीटर. आपल्या पदपथावर त्याला काय मिळते? बहुतेक वेळा एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन. त्यातून खोडाची जागा वजा केली तर पाऊण चौरस मीटरही उरत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत खोडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकायला सांगितले. त्या आदेशाने मोठे काम केले, यात शंका नाही. पण तो एक मीटर पुढे सगळीकडे जणू झाडाची एकूण गरज म्हणून घोकला गेला. खरे तर तो गळ्याभोवतीचा फास सैल करण्यापुरता होता. खोडाच्या चारी बाजूंनी पुरता एक मीटर मोकळा ठेवला तरी वरच्या झाडाला मिळतात पाचेक चौरस मीटर. १६३ च्या तीन टक्के.

कोणी म्हणेल, हे थंड देशांचे ठोकताळे आपल्याला कशाला? हरकत रास्त आहे. ते ठोकताळेच आहेत, वेद नव्हेत. पण आपल्याकडे आठ महिने कोरडे जातात, वैशाखात डांबरी रस्ता भाजून काढतो. अशा ठिकाणी झाडाला तिकडच्यापेक्षा कमी माती पुरेल असे मानायला कसलाही आधार नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पुण्यातल्या एका जुन्या रस्त्यावर पदपथाचे काम चालू असताना मी चराच्या काठाशी उभा राहिलो होतो. सोनमोहरांची रांग, एकाही झाडाला कुऱ्हाड लागलेली नाही, खोडांना गेरू-चुन्याचे ताजे पट्टे. त्या खोडांपासून हातभर अंतरावरून केबलच्या नळ्यांसाठी जेसीबीने सरळ चर नेला होता. चराच्या भिंतीत मनगटाएवढ्या मुळांची टोके बाहेर आलेली. ती कापलेली नव्हती, ओढून तोडलेली होती. साल सोलवटून मागे गेलेली आणि आतले पांढरे लाकूड झाडूसारखे पिंजलेले. त्यातल्या एका टोकाला कामगाराने आपला जेवणाचा डबा टांगून ठेवला होता. पलीकडे खोडाला टेकून खडीचा ढीग, त्याच्यावर सिमेंटच्या गोण्या. थोड्याच दिवसांत चर बुजला, त्यावर काँक्रीट, त्यावर पेव्हर ब्लॉक, आणि प्रत्येक झाडाला ग्रॅनाइटच्या कडेचा देखणा चौकोन. कोणीही पाहावे आणि म्हणावे, व्वा, झाडे किती छान जपली आहेत! अशा कामाच्या कागदांत बाधित झाडांच्या रकान्यात शून्य असते.

तुटलेले मूळ निदान डोळ्यांना दिसते. दबलेली माती दिसत नाही, आणि माझ्या मते तीच अधिक घातक. चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळी असते. त्या पोकळीत हवा आणि पाणी खेळते. तिच्यावरून डंपर गेला, रोलर फिरला, की पोकळी मिटते. पहिल्या काही फेऱ्यांतच बहुतेक नुकसान होऊन जाते, त्यामुळे 'दोनच दिवस गाडी उभी होती' या सबबीत अर्थ नसतो. पुन्हा इथे अभियंत्याचा दोष आहे असेही नाही. रस्त्याखालची भर प्रॉक्टर चाचणीत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांच्या वर घट्ट झाली पाहिजे, ही त्याची रास्त अट आहे. नाहीतर रस्ता खचेल. त्याला माती घट्ट हवी आणि झाडाला सैल. हा विरोध खरा आहे, तो भावनेने सुटत नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या नीना बासुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात त्यावर उपाय काढला: मोठ्या खडीचा सांगाडा भार पेलतो आणि खडीच्या फटींत माती राहते, तिच्यात मुळे जातात. स्टॉकहोम शहराने पदपथांखाली असेच दगडी थर घालून जुनी मरगळलेली झाडे पुन्हा तरारून आणली. वडार समाजाच्या हाताखालून शतकानुशतके दगड गेलेल्या आपल्या मुलखात खडी ही काही दुर्मिळ वस्तू नाही.

आणखी एक मारेकरी असतो तो सिमेंटचे पाणी. काँक्रीटचा मिक्सर धुऊन ते चुन्याचे पाणी जवळच्या आळ्यात ओतून देणे ही साइटवरची नित्याची गोष्ट. मातीचा अल्कधर्मीपणा वाढतो, झाडाला लोह घेता येत नाही, पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. मग उद्यान विभागाचा माणूस येऊन कीटकनाशक फवारून जातो.

हे सारे घडूनही झाड लगेच मरत नाही, हीच खरी अडचण आहे. जुन्या झाडाच्या खोडात आणि उरलेल्या मुळांत वर्षानुवर्षांचा साठा असतो. त्यावर ते एक-दोन पावसाळे हिरवे राहते. कधी कधी तर जास्तच फुलते, आणि लोक खूश होतात. मग शेंडा वाळू लागतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी वरच्या फांद्या बोडक्या होतात, बुंध्याशी छत्रीसारखी कडक बुरशी दिसते. ॲलेक्स शिगो या अमेरिकन शास्त्रज्ञाने हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड फक्त कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारते आणि पुढे वाढत राहते. भिंत उभारायला ताकद लागते, आणि ताकद देणारी मुळेच गेलेली असतात. एखाद्या जूनच्या वादळात ते उन्मळते. वर्तमानपत्रात बातमी येते, 'जीर्ण झाड कोसळले'.

आता कायदा. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' मध्ये झाड तोडणे याची जी व्याख्या आहे तिच्यात जाळणे आणि कापणे यांच्याबरोबर झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. म्हणजे वरच्या चरातले प्रत्येक पिंजलेले मूळ ही कायद्याच्या भाषेत तोड आहे, आणि तिला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ५० वर्षे झाली तरी ही व्याख्या मुळांना लावून दाखवण्याची हौस क्वचितच कोणाला झाली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. हेतू उत्तम. पण परिणाम कसा होतो पाहा. सत्तर वर्षांचा वड रीतसर परवानगी काढून तोडणाऱ्याने सत्तर रोपे लावायची आणि त्यांची निगा राखायची. तोच वड 'जागेवर राखून' त्याच्या तिन्ही बाजूंनी चर घेणाऱ्याने मात्र एकही रोप लावायचे नाही. पुढे पाच वर्षांनी वड वाळला की मेलेल्या, रोगट किंवा वाऱ्याने पडलेल्या झाडाला परवानगी नाकारू नये असे हाच कायदा म्हणतो. उघड तोडणाऱ्यावर ओझे आणि हळूहळू मारणाऱ्याला मोकळीक, अशी ही तजवीज आहे. ती कोणी कट करून केली असे मला वाटत नाही. झाड म्हणजे खोड, या समजाचे ते सरळ फळ आहे.

आंदोलनांनीही तोच समज पोसला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी अवघ्या काही दिवसांत २,१४१ झाडे पाडली गेली, हा आकडा अनेकांना तोंडपाठ आहे, आणि असायलाच हवा. पण त्यानंतर त्याच शहरात रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची लाट आली. गल्लोगल्ली राखलेल्या झाडांच्या बुंध्याशी मुळे उघडी पडली. त्यासाठी साखळ्या धरल्या गेल्या नाहीत. पडलेली झाडे मोजता येतात. पिंजलेली मुळे मोजायला रकानाच नाही.

इथे जाणकार वाचक एक हरकत घेईल. आपले पूर्वज वडा-पिंपळाला पार बांधत होतेच ना? ते पार दोन-दोनशे वर्षे टिकले, वडही टिकले. मग आजच्या कट्ट्याचा एवढा बाऊ कशाला? हरकत चांगली आहे, कारण तिचे उत्तर पाराच्या बांधणीतच आहे. जुना पार बहुधा कोरड्या दगडांचा, सांध्यांतून पाणी आणि हवा आत-बाहेर जाणारा. पाराच्या पलीकडे गावचे मोकळे मैदान, मातीचे. पार झाडाच्या शंभरातल्या पाच भागांना मिठी मारायचा, पंच्याण्णव भाग उघडेच राहायचे. आजचा कट्टा सलोह काँक्रीटचा असतो, त्याचा पाया म्हणजे मुळे कापून घेतलेला चर, आणि त्याच्या पलीकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. शिवाय आत दोन फूट भराव टाकून बुंधा पुरला जातो. खोडाची साल मातीखाली राहायला घडलेली नसते, ती कुजते. दोन्हींना पार म्हणणे सोपे आहे, पण एकाचा दाखला दुसऱ्याला लागू पडत नाही.

पुनर्रोपणाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्या बाबतीत आकडेच पुरेसे बोलतात. वड, पिंपळ, उंबर यांची कापलेली फांदीही रुजते, तेव्हा ती झाडे वेळेवर तयारी केली तर उचलता येतात. बाकीच्या मोठ्या झाडांचे मुळांचे गाठोडे कितीही मोठे बांधले तरी त्यात मूळ पसाऱ्याचा थोडासाच हिस्सा येतो. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये उच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार आधीच्या तीन वर्षांत हलवलेल्या १६,४६१ झाडांपैकी तिसरा हिस्साच जगला. आणि हे पुनर्रोपणासाठी खास धोरण केलेल्या शहरात. क्रेनला लटकलेल्या झाडाचे छायाचित्र मात्र प्रत्येक प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेत हमखास असते.

एकाला दहा रोपे या युक्तिवादाचाही हिशेब करून टाकू. बारा मीटर पसाऱ्याच्या झाडाखाली जेवढी सावली पडते, तेवढीच हवी असेल तर एक मीटर पसाऱ्याची १४४ रोपे एकमेकांना खेटून उभी करावी लागतील. दहांनी ती कशी भरणार? शिवाय ती रोपे लागतात शहराबाहेरच्या टेकडीवर. बसथांब्यावर उन्हात उभ्या असलेल्या बाईला त्यांचा काय उपयोग! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राला (ते १७१५ च्या सुमाराचे, त्यातला मजकूर थेट शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सर्रास फिरवला जातो, ती गोष्ट वेगळी) ही अडचण नेमकी कळली होती. आरमाराला लाकूड हवे, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, असे तिथे बजावले आहे. अगदीच गरज पडली तर जीर्ण झालेले झाड धन्याला राजी करून, मोबदला देऊन न्यावे. झाडाची किंमत लागलेल्या काळात मोजायची असते, हे त्या राज्यकारभाराला उमगले होते. अलीकडेही झाडाला किंमत लावण्याचा प्रयत्न झाला. पश्चिम बंगालमधल्या जेसोर रोडवरच्या ३५६ झाडांच्या प्रकरणात, शरद बोबडे सरन्यायाधीश असताना नेमलेल्या तज्ज्ञ समितीने एका झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये काढले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती झाडे तोडायला परवानगी दिली. रुपयांत मोल काढले म्हणून झाड वाचते, असे दिसत नाही.

पूर्वपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा खर्चाचा आणि वेळेचा आहे. झाडाच्या वर्तुळात काम करायचे नाही म्हटले तर अरुंद रस्त्यांच्या आपल्या शहरांत कामच होणार नाही, असे अभियंते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. वर्तुळात काहीच करायचे नाही असे ब्रिटिश मानकही म्हणत नाही. तिथे हाताने खणा, २५ मिलिमीटरपेक्षा जाड मूळ तज्ज्ञाला विचारल्याशिवाय तोडू नका, पाया सलग घेण्याऐवजी मुळे चुकवून खांबांवर तुळई टाका, अशा सूचना आहेत. नळ आणि केबल यांच्यासाठी उघडा चर घेण्याची गरजही आता राहिलेली नाही. महामार्गाखालून केबल न्यायची असली की आपण डांबर न फोडता जमिनीखालून आडवे भोक पाडतो. मुंबईत मलवाहिन्यांसाठी सूक्ष्म बोगदे घेतले जातात. डांबराला जो मान मिळतो तो मुळाला देण्यात तंत्राची अडचण नाही. पुण्यातला जंगली महाराज रस्ता खड्डे न पडण्यासाठी साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेला. दहाएक वर्षांपूर्वी त्याचे पदपथ रुंद केले तेव्हा मोठी झाडे आखणीतच धरली गेली. ज्याला पाहायचे त्याने तिथे दुपारी बाकावर बसून पाहावे.

आणि न जपण्याचा खर्च? इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराने २०१२ मध्ये एका कंपनीशी पंचवीस वर्षांचा रस्तेदुरुस्तीचा करार केला. त्यात ३६ हजारांच्या आसपास रस्त्यालगतच्या झाडांपैकी १७,५०० बदलायची असे ठरून गेले. कारण काय, तर मुळांनी पदपथ उचलला, कडेचे दगड सरकले. नोव्हेंबर २०१६ मध्ये रस्टलिंग्ज रोडवर पहाटे पाच वाजता पोलिसांच्या बंदोबस्तात झाडे पाडली, झोपेतून उठून आलेल्या वृद्ध स्त्रियांना अटक झाली. २०१८ मध्ये तोड थांबली. मग दोन्ही बाजूंनी मिळून एकेक झाड तपासले, तेव्हा कडेचा दगड थोडा तासणे, तो सरकवणे, पदपथाला लवचीक थर देणे एवढ्यावर पुष्कळ झाडांचे भागते असे दिसले. सर मार्क लोकॉक यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२३ मध्ये आला आणि नगरपालिकेला जाहीर माफी मागावी लागली. तोवर पाच हजारांवर झाडे गेली होती. अभियांत्रिकी उपाय आधीही होते. ते वापरायला करारात कोणाला कारण नव्हते.

जुनी झाडे माणसांच्या अंगावर पडतात, हा शेवटचा मुद्दा मी हलका मानत नाही. दर पावसाळ्यात माणसे दगावतात, रिक्षा चिरडतात. पण पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी जाऊन बघावे. एका बाजूची मुळे सरळ रेषेत संपलेली दिसतात. ती रेषा एखाद्या जुन्या चराची असते. वाऱ्याच्या बाजूची मुळे दोरासारखी ताणून झाड धरून ठेवतात. ती तोडायची, वर एकाच बाजूने फांद्या छाटायच्या, आणि मग झाड धोकादायक म्हणून नोटीस डकवायची, यात धोका निर्माण कोणी केला हे विचारायला हवे.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्ट. सगळी झाडे राखा ही मागणी सोडून दिली पाहिजे. बीएस ५८३७ मध्ये काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक झाडाची प्रत लावतात: चाळीस वर्षांवर आयुष्य उरलेले पहिल्या प्रतीचे, वीस वर्षांवरचे दुसऱ्या, त्याखाली तिसऱ्या, आणि दहा वर्षेही न टिकणारे आराखड्यात धरायचेच नाही. आपल्याकडे रस्त्याकडेला आपोआप उगवलेली सुबाभूळ आणि शंभर वर्षांचा वड, यादीत दोघांची नोंद एकेकच. त्यामुळे संख्या वाचवण्याच्या नादात सुबाभळीसाठी जेवढा घाम गाळला जातो तेवढाच वडासाठी. दहा झाडे अर्धमेली राखण्यापेक्षा चार रीतसर परवानगीने, भरपाई भरून तोडावीत आणि सहांना त्यांचे पुरते वर्तुळ मिळवून द्यावे. कागदावर हे चौघांचे बलिदान दिसेल. प्रत्यक्षात ते सहांचे आयुष्य असेल.

यासाठी नवा कायदा नको. व्याख्या १९७५ पासून तयार आहे. हवे ते निविदेत. नकाशावर प्रत्येक राखलेल्या झाडाचे वर्तुळ काढलेले असावे. जेसीबी यायच्या आधी त्या वर्तुळावर पत्र्याचे कुंपण उभे राहावे, आणि त्या कुंपणाचा, हाताने खणण्याचा, आडव्या भोकाचा दर कामाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून धरावा. बाब नसली की ठेकेदार ते फुकट करणार नाही, आणि का करावे? काँक्रीटच्या रस्त्याला तडा गेला तर ठेकेदाराने तो वर्षानुवर्षे स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, त्यासाठी त्याची अनामत अडकवून ठेवतात. त्याच दोषदायित्वात राखलेली झाडे घाला. पाचव्या वर्षी शेंडा वाळला तर अनामत जप्त. या एका कलमाने जेवढी मुळे वाचतील तेवढी फलकांनी वाचणार नाहीत.

तुमच्या भागात पुढचे काम निघेल तेव्हा शिंप्याची टेप घेऊन बाहेर पडा. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजा आणि त्याची जवळजवळ चौपट करा. वर्तुळाची त्रिज्या तेवढी. हरकतीच्या अर्जात झाडांचा आकडा लिहिण्याआधी ही त्रिज्या लिहा, आणि त्या वर्तुळात काय काय खोदणार, कोणत्या यंत्राने, किती खोल, याचे उत्तर वृक्ष अधिकाऱ्याकडून लेखी मागा.